नारिताचे जुने स्थानक

टोकिओपासून पूर्वेकडे सुमारे ६० किलोमीटरवर चिबा प्रांतात नारिता नावाचे गाव आहे. जगातल्या विमानप्रवाशांना हे नाव १९७८ नंतर परिचयाचे झाले. जपानी माणसाच्या कानावर मात्र ते शतकानुशतके पडत आलेले आहे, आणि त्याचे कारण तेथील देवस्थान. शिन्शोजी हे बौद्ध मंदिर इ. स. ९४० मध्ये स्थापन झाले, असे परंपरा सांगते. मंदिरातील मुख्य देवता फुदो-म्योओ. नाव परके वाटले, तरी देवता भारतातूनच तिकडे गेलेली आहे. संस्कृतात तिला अचल म्हणतात, आणि ‘फुदो’ या शब्दाचा अर्थही तोच : जो हलत नाही तो. उजव्या हाती खड्ग, डाव्या हाती पाश, पाठीमागे ज्वाळा आणि खडकावर ठाण मांडलेली बैठक, असे या देवाचे ध्यान असते.

या देवाच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूंच्या सोयीसाठी १९०९ मध्ये एक रेल्वे कंपनी निघाली. केइसेई हे तिचे नाव. टोकिओच्या नावातले एक अक्षर आणि नारिताच्या नावातले एक अक्षर घेऊन, त्यांचे निराळे उच्चार जोडून, ते बनविलेले आहे. पंढरीच्या वारकऱ्यांना एके काळी बार्शी लाइट रेल्वे जशी आपली वाटे, तशीच ही नारिताच्या भाविकांची गाडी. तिचे रूळ १९२६ मध्ये नारितापर्यंत पोहोचले. पुढे जवळजवळ अर्ध्या शतकाने याच कंपनीने नारिता गावापासून आणखी सात किलोमीटर लांब एक फाटा नेला आणि त्याच्या टोकाला जमिनीखाली एक प्रशस्त स्थानक बांधले. त्या स्थानकाची हकीकत आज सांगावयाची आहे. मार्ग आणि स्थानक १९७२ मध्ये तयार झाले. तेथे पहिला उतारू उतरला तो १९७८ मध्ये. त्यानंतर जेमतेम तेरा वर्षे त्याने ‘नारिता विमानतळ’ हे नाव मिरविले. १९९१ मध्ये ते नावही त्याच्याकडून काढून घेण्यात आले.

विमानतळाच्या पोटातच रेल्वेचे स्थानक असावे, ही कल्पना आता आपल्याकडेही रुळली आहे. दिल्लीत २०११ पासून आणि मुंबईत २०२४ पासून उतारू विमानातून उतरून थेट भुयारी गाडीत बसू शकतो. कल्पना तशी जुनीच. बर्लिनच्या टेंपेलहोफ विमानतळापाशी भुयारी रेल्वे १९२७ मध्येच जाऊन पोहोचली होती. तेव्हा नारिताच्या बाबतीत जे विपरीत घडले, त्याचे कारण अभियंत्यांच्या अज्ञानात शोधून सापडणार नाही. ते शोधावयाचे, तर स्थानकाच्या छतावर जी जमीन आहे तिच्याकडे पाहावे लागते.

१९६० च्या सुमारास जेट विमानांचे युग सुरू झाले आणि टोकिओचा हानेदा विमानतळ अपुरा पडू लागला. हानेदा समुद्राला खेटून वसलेला. त्याचा विस्तार करणे त्या काळी दुर्घट मानले गेले. १९६२ पासून सरकार दुसऱ्या आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी जागा शोधत होते. नोव्हेंबर १९६५ मध्ये नारिताजवळच्या तोमिसातो या गावाचे नाव पुढे आले. सुमारे २३०० हेक्टरांचा तो प्रचंड आराखडा जाहीर होताच तेथील शेतकरी खवळून उठले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पण माघार घेतली ती किती? अवघी काही किलोमीटर. जून १९६६ मध्ये नवे नाव निघाले ते शेजारच्या सानरिझुकाचे, आणि ४ जुलै १९६६ रोजी मंत्रिमंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केले. क्षेत्र निम्म्याहून कमी, म्हणजे सुमारे १०६० हेक्टर, करण्यात आले.

सानरिझुका या शब्दाचा अर्थ तीन ‘री’ अंतराची खूण म्हणून घातलेला उंचवटा. ‘री’ हे आपल्या कोसाच्या जातीचे जुने माप. या ठिकाणी एकोणिसाव्या शतकापासून जपानी राजघराण्याचे विस्तीर्ण कुरण होते. तेथे घोडे आणि गुरे पाळली जात, आणि वसंतात चेरीचा बहर पाहण्यासाठी लोक लांबून येत. कुरणाची जमीन सरकारच्या हाती सहज येण्याजोगी होती, हे सानरिझुकाच्या निवडीमागचे उघड कारण. दुसरे कारण कागदोपत्री कोठे लिहिलेले नसले, तरी लोकांच्या तोंडी पुढे वारंवार आले. कुरणाभोवतीचे बरेचसे शेतकरी नवखे आणि गरीब आहेत. पैसे दिले की ते निमूटपणे उठतील, असा हा हिशेब होता.

हे नवखे शेतकरी कोण होते? १९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा जपानात अन्नाची भीषण टंचाई होती. मांचुरियातून परतलेली, सर्वस्व गमावलेली कुटुंबे, ओकिनावा बेटावरून आलेली माणसे आणि आसपासच्या गावांतील भूमिहीन धाकटी भावंडे यांना सरकारनेच राजघराण्याच्या कुरणाचा काही भाग तोडून दिला आणि सांगितले, की रान मोडा आणि पिकवा. झोपड्यांत राहून, कुदळीने बांबूची बेटे आणि झाडांची खोडे उपटून त्यांनी ती जमीन लागवडीखाली आणली. वीस वर्षांनी कोठे तेथे भुईमूग आणि भाजीपाला चांगला येऊ लागला होता. प्रांतिक सरकारने रेशीम-उत्पादनाची एक योजना आखून त्यांना तुतीची झाडे लावण्याचे उत्तेजनही दिले होते. तुती मुळे धरते आहे तोच विमानतळाची घोषणा झाली. ती या लोकांना कोणी घरी येऊन सांगितली नाही. ती त्यांना बातम्यांतून कळली.

नारिताच्या साऱ्या इतिहासात हीच एक गोष्ट मला निर्णायक वाटते. मोबदला किती द्यावयाचा, जमिनीच्या बदली जमीन कोठे द्यावयाची, हे प्रश्न पुढचे. ज्या राज्याने कालपरवा ‘रान मोडा’ असे सांगितले, तेच राज्य आज ‘ऊठ’ असे सांगत होते, आणि मधल्या वीस वर्षांतील कष्टांविषयी त्याला काही विचारावयाचे नव्हते. जुन्या गावांतील पिढीजात शेतकरीही या नव्या वसाहतवाल्यांना येऊन मिळाले. सानरिझुका आणि शिबायामा या दोन भागांतील लोकांनी १९६६ मध्ये संयुक्त विरोधी संघ स्थापन केला. त्याचे पुढारीपण इस्साकु तोमुरा यांच्याकडे आले. तोमुरा हे शेतीच्या अवजारांचे व्यापारी, धर्माने ख्रिस्ती आणि छंदाने शिल्पकार. कोणत्याही राजकीय पठडीत सहज बसणारे ते गृहस्थ नव्हते.

संघाने प्रथम अर्ज, विनंत्या, सभा हे सारे मार्ग हाताळले. मग एक चतुर उपाय काढला. शेताचे लहान लहान तुकडे करून ते देशभरातील सहानुभूतीदारांच्या संयुक्त मालकीत देण्यात आले. एका ‘त्सुबो’एवढा, म्हणजे सुमारे ३.३ चौरस मीटरांचा, जमिनीचा मालक ठिकठिकाणी बसलेला. सरकारने कितीजणांना गाठावे आणि कितीजणांच्या सह्या घ्याव्यात? १९६७ च्या ऑक्टोबरात मोजणीच्या खुंट्या ठोकण्यासाठी दंगलविरोधी पोलीस आले आणि प्रकरण हातघाईवर गेले. त्याच सुमारास शहरांतून विद्यार्थ्यांचे डाव्या विचारांचे गट शेतकऱ्यांच्या मदतीस धावले. या मदतीने संघर्षाला बळ आले हे खरे. पण पुढे त्याला जे रक्तरंजित वळण लागले, त्याची काही जबाबदारी या गटांकडेही जाते.

१९७१ च्या फेब्रुवारीत सक्तीच्या भूसंपादनास प्रारंभ झाला. शेतकऱ्यांनी स्वतःला साखळदंडांनी झाडांना जखडून घेतले. काहींनी जमिनीखाली भुयारे खणली आणि त्यांत मुक्काम ठोकला, जेणेकरून वरून यंत्र फिरविणे पोलिसांना अशक्य व्हावे. त्याच वर्षी १६ सप्टेंबर रोजी दुसऱ्या फेरीच्या वेळी तोहो चौकात झालेल्या हल्ल्यात तीन पोलीस ठार झाले. २० सप्टेंबरला एका वृद्ध शेतकरी स्त्रीला पोलिसांनी तेथून हलविले आणि तिचे घर पाडण्यात आले. पुढच्या महिन्यात एका तरुण आंदोलकाने आत्महत्या केली. विमान अद्याप एकही उडाले नव्हते.

नेमक्या याच काळात त्याच मातीत दुसरी भुयारे खणली जात होती. केइसेई कंपनीने विमानतळाच्या फाट्याचे काम १९७० मध्ये हाती घेतले होते. विमानतळ १९७१ मध्ये चालू होणार, असे सरकारी वेळापत्रक होते. तेव्हा कंपनीला घाई करणे भागच होते. पण तिच्या वाट्याला जागा कोणती आली, हे पाहण्यासारखे आहे. विमानतळाच्या मुख्य इमारतीच्या थेट खाली स्थानक बांधावे, ही केइसेईची स्वाभाविक इच्छा. ती जागा मात्र आधीच राखून ठेवलेली होती. कोणासाठी? अजून जन्मालाही न आलेल्या एका गाडीसाठी!

१९६४ मध्ये टोकिओ आणि ओसाका यांच्या दरम्यान शिंकान्सेन ही अतिवेगवान गाडी धावू लागली आणि साऱ्या जपानला तिने मोहून टाकले. देशाच्या कानाकोपऱ्यात शिंकान्सेन नेण्याच्या योजना तयार झाल्या. १९७१ मध्ये त्यांत नारिता शिंकान्सेनचाही समावेश झाला. टोकिओ ते विमानतळ हे सुमारे ६५ किलोमीटरांचे अंतर ती अर्ध्या तासात काटणार होती. राष्ट्राचे महाद्वार आणि राष्ट्राची मानाची गाडी यांची गाठ इमारतीच्या तळघरातच पडली पाहिजे, असे सरकारी रेल्वेला वाटले, तर नवल नाही. केइसेई पडली खासगी कंपनी, आणि तीही मूळची यात्रेकरूंची. तिला विमानतळाच्या आवारातच, पण मुख्य इमारतीपासून सुमारे एक किलोमीटर दूर जागा देण्यात आली.

तेथे तिने दोन फलाट आणि चार रूळमार्ग असलेले स्थानक बांधले. एक फलाट साध्या गाड्यांसाठी, दुसरा ‘स्कायलाइनर’ या नव्या जलद गाडीसाठी. १९७२ च्या अखेरीस सारे सज्ज झाले. विमानतळ मात्र सज्ज नव्हता. त्याच वर्षी विरोधी संघाने धावपट्टीच्या दक्षिण टोकासमोर साठ मीटरांहून उंच लोखंडी मनोरा उभा केला. तो असेतोवर विमानाला उतरणे शक्य नव्हते. इंधनाची नळवाहिनी ज्या वस्त्यांतून जाणार, तेथेही लोक विरोधात उभे राहिले. एकेक वर्ष लोटू लागले. नवे भुयार, नवे फलाट, नव्या गाड्या आणि त्यांपायी काढलेल्या कर्जाचे व्याज यांचा भार घेऊन केइसेई वाट पाहत राहिली. रिकाम्या गाड्या गंजत ठेवण्यापेक्षा बरे म्हणून डिसेंबर १९७३ च्या अखेरीपासून तिने स्कायलाइनर टोकिओहून नारिता गावापर्यंतच सोडण्यास आरंभ केला. विमानाच्या प्रवाशांसाठी बनविलेली गाडी पुन्हा अचलाच्या भक्तांनाच घेऊन जाऊ लागली!

लोखंडी मनोरा ६ मे १९७७ रोजी पहाटे अचानक पाडण्यात आला. त्यानंतरच्या चकमकींत एक आंदोलक आणि एक पोलीस प्राणांस मुकले. ३० मार्च १९७८ हा उद्घाटनाचा दिवस ठरला. त्याच्या चार दिवस आधी, २६ मार्च रोजी, बाहेर हजारो पोलिसांचा पहारा असताना, एक टोळी सांडपाण्याच्या भुयारी मार्गाने विमानतळाच्या आवारात शिरली, झाकण उचलून वर आली आणि थेट नियंत्रण-मनोऱ्यात घुसली. तेथील यंत्रसामग्री तिने हातोड्यांनी फोडून टाकली. उद्घाटन लांबणीवर पडले. ५ मे रोजी आगारात उभ्या असलेल्या स्कायलाइनर गाडीला आग लावण्यात आली. संसदेने घाईने एक विशेष कायदा केला आणि अखेर २० मे १९७८ रोजी, प्रचंड बंदोबस्तात, नारिता विमानतळ खुला झाला. दुसऱ्या दिवशी, २१ मे रोजी, केइसेईच्या भुयारी स्थानकात पहिली गाडी आली.

जवळजवळ त्याच वेळी लंडनमध्ये काय घडले ते पाहण्याजोगे आहे. डिसेंबर १९७७ मध्ये तेथील भुयारी रेल्वे हीथ्रो विमानतळाच्या इमारतींच्या मधोमध जाऊन उभी राहिली होती. उतारू सरकत्या जिन्याने खाली गेला की गाडी समोर. नारिताला टोकिओच्या उएनो स्थानकाहून तासाभरात आलेला उतारू भुयारातून वर येई, तेथे पोलिसांपुढे आपले पारपत्र आणि सामान तपासून घेई, आणि मग उरलेल्या एका किलोमीटरसाठी बसमध्ये चढे. परतीच्या वाटेवरही तीच यातायात. अवजड पेट्या घेऊन दोनदा चढउतार करण्यापेक्षा शहरातूनच सरळ बस पकडलेली बरी, असे पुष्कळांनी ठरविले, तर त्यांना दोष कसा द्यावा? स्कायलाइनर अर्धीमुर्धी रिकामी धावू लागली. कंपनीला या आणि अन्य काही कारणांनी दीर्घ काळ तोटा सोसावा लागला.

विमानतळाच्या प्रारंभीच्या वर्षांत रेल्वेशी निगडित अशी आणखी एक विलक्षण गोष्ट घडत होती. नळवाहिनी अपुरी असल्यामुळे विमानांचे इंधन बंदरांवरून आगगाडीच्या टाक्यांतून आणावे लागे. शेतकऱ्यांशी सहानुभूती बाळगणाऱ्या चिबाच्या इंजिनचालकांच्या संघटनेने या इंधनगाड्यांविरुद्ध संप केले. १९८३ मध्ये नळवाहिनी पुरी झाली, तेव्हा कोठे हा प्रश्न मिटला. दुसरी एक मौज सांगावीशी वाटते. तैवानची विमान कंपनी सोडून जगातल्या बाकी साऱ्या कंपन्यांना हानेदाहून नारिताला जावे लागले. बीजिंगचे विमान आणि तैपेईचे विमान एकाच आवारात उभे राहू नये, ही त्यामागील राजनैतिक काळजी. त्यामुळे तैवानचा प्रवासी टोकिओच्या अगदी जवळ उतरे आणि बाकी जग साठ किलोमीटर दूर!

आपली एअर इंडियाची विमानेही तेव्हापासून नारिताला जाऊ लागली, आणि एका दुःखद दिवशी नारिताचे नाव भारतात घरोघरी पोहोचले. २३ जून १९८५ रोजी कॅनडाहून आलेली एक बॅग तेथे एअर इंडियाच्या विमानात चढविण्यासाठी नेली जात असता तिच्यात स्फोट झाला आणि सामान हाताळणारे दोन जपानी कामगार ठार झाले. त्यानंतर तासाभरातच ‘कनिष्क’ हे आपले विमान आयर्लंडजवळ अटलांटिक समुद्रावर स्फोटाने कोसळले. त्यातील सर्व ३२९ जीव गेले. या घटनेचा नारिताच्या शेतकऱ्यांशी काडीचाही संबंध नव्हता. पण तिच्यानंतर तेथील आधीच कडक असलेला पहारा सैल होण्याची शक्यताच उरली नाही.

आता त्या राखून ठेवलेल्या जागेचे काय झाले? मुख्य इमारतीच्या खाली शिंकान्सेनसाठी रुंद स्थानक खणून, बांधून तयार होते. तेथून नारिता गावाकडे जाणारी काही किलोमीटरांची भुयारे आणि पूलही तयार होते. पण टोकिओच्या टोकाला गाडे अडले. शहराच्या पूर्वेकडील एदोगावा या दाट वस्तीच्या भागातून ही गाडी उंच पुलावरून धडधडत जाणार होती आणि तेथे थांबणार मात्र नव्हती. तेथील रहिवासी १९७२ मध्ये न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या डिसेंबरात त्यांचा दावा ऐकून घेण्याजोगा नाही असे ठरविले खरे. पण खटला जिंकून जमीन मिळत नाही. जमीन मिळेना. १९८३ मध्ये काम थांबले, आणि १९८७ मध्ये जपानची सरकारी रेल्वेच विसर्जित होऊन तिच्या कंपन्या झाल्या, तेव्हा नारिता शिंकान्सेनची योजनाही संपली. टोकिओच्या मध्यवर्ती स्थानकात तिच्यासाठी योजिलेली जागा पुढे केइयो नावाच्या मार्गास देण्यात आली. टोकिओच्या डिस्नेलँडला गेलेल्या आपल्याकडील प्रवाशांना आठवत असेल, की त्या गाडीचा फलाट गाठण्यासाठी स्थानकात किती लांब चालावे लागते. ती पायपीट ही या न आलेल्या गाडीचीच देणगी होय.

म्हणजे १९७८ पासून दहा वर्षे नारिताच्या जमिनीखाली अशी स्थिती होती : इमारतीच्या थेट खाली एक पूर्ण बांधलेले स्थानक, ज्यात एकही गाडी येत नव्हती, आणि एक किलोमीटरवर दुसरे स्थानक, ज्यात गाड्या येत होत्या पण उतारूंना बसमधून पुढे जावे लागत होते. शिंतारो इशिहारा १९८७ च्या नोव्हेंबरात परिवहनमंत्री झाले. एरवी त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, या प्रकरणी त्यांनी सरळ व्यवहार पाहिला. रिकाम्या स्थानकात साध्या गाड्याच आणाव्यात, असा निर्णय १९८८ मध्ये झाला. शिंकान्सेनच्या दुहेरी मार्गाचे दोन वाटे करण्यात आले : एक रूळ सरकारी रेल्वेच्या वारस कंपनीला, एक केइसेईला. दोहोंच्या रुळांमधील अंतर भिन्न. एकाचे १०६७ मिलीमीटर, दुसऱ्याचे १४३५. त्यामुळे एकमेकांचा मार्ग वापरणे शक्य नव्हते. १९ मार्च १९९१ रोजी दोन्ही कंपन्यांच्या गाड्या इमारतीच्या खाली येऊन उभ्या राहिल्या. ‘नारिता विमानतळ’ हे नाव या नव्या स्थानकाला मिळाले, आणि जुने स्थानक त्या दिवसापासून ‘हिगाशी-नारिता’, म्हणजे पूर्व नारिता, झाले.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९२ मध्ये, विमानतळाची दुसरी इमारत उघडली. ती या जुन्या स्थानकाच्या अगदी जवळ आहे. ती वीस वर्षे आधी उभी राहिली असती, तर हे स्थानक विमानतळाचे हमरस्त्यावरचे स्थानक ठरले असते. पण भूसंपादनच खोळंबल्यामुळे तिला उशीर झाला. नव्या इमारतीसाठी नव्या मार्गावर निराळे स्थानक बांधले गेले. जुन्या स्थानकाला त्या इमारतीशी जोडणारा सुमारे ५०० मीटरांचा भुयारी रस्ता तेवढा राहिला. सरळ, लांबच लांब आणि बहुधा निर्मनुष्य असा हा रस्ता आहे. त्यातून आज मुख्यतः विमानतळावर काम करणारे लोक ये-जा करतात.

वरच्या जमिनीवरही या सुमारास वारे बदलले होते. १९९१ च्या नोव्हेंबरापासून सरकार आणि विरोधी संघाचा एक गट समोरासमोर बसून बोलू लागले. या बैठकांना प्रतिष्ठा मिळवून देण्यात अर्थशास्त्रज्ञ हिरोफुमी उझावा यांचा मोठा वाटा होता. बैठका १९९४ पर्यंत चालल्या. उरलेली जमीन सक्तीने घेणार नाही, असे सरकारने मान्य केले, आणि सक्तीच्या संपादनासाठी केलेले अर्ज १९९३ मध्ये मागे घेतले. १९९५ मध्ये पंतप्रधान तोमिइची मुरायामा यांनी शेतकऱ्यांची क्षमा मागितली. राज्यसंस्था अशी क्षमा क्वचितच मागते. तिला एकोणतीस वर्षे लागली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. दुसरी धावपट्टी २००२ मध्ये चालू झाली, ती ठरल्यापेक्षा आखूड, २१८० मीटरांची. कारण तिच्या टोकाशी असलेल्या शेतांच्या मालकांनी जमीन विकली नव्हती आणि आता ती हिसकावून घेता येत नव्हती. २००९ मध्ये तिची लांबी २५०० मीटर करण्यात आली, ती शेतांच्या विरुद्ध दिशेला, उत्तरेकडे, वाढवून.

त्याच २००२ च्या ऑक्टोबरात हिगाशी-नारिता स्थानकाला एक अनपेक्षित काम मिळाले. विमानतळामुळे त्याच्या पूर्वेकडील शिबायामा भागाचा नारिताकडे जाण्याचा जुना रस्ता तुटला होता. त्याची भरपाई म्हणून रेल्वे देण्याचे आश्वासन दिलेले होते. ते पुरे होण्यास सुमारे पाव शतक लागले. २७ ऑक्टोबर २००२ रोजी हिगाशी-नारितापासून शिबायामा-चियोदापर्यंत २.२ किलोमीटरांची शिबायामा रेल्वे सुरू झाली. जपानमधील सर्वांत आखूड रेल्वे म्हणून ती आपली ओळख सांगते. ज्या स्थानकात परदेशी जाणाऱ्या प्रवाशांनी गर्दी करावी अशी अपेक्षा होती, त्या स्थानकातून आता गाडी सुटते ती विमानतळाने ज्यांची वाट अडविली त्यांच्या गावाकडे.

विमानाचे प्रवासी इकडे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी २०१० मध्ये आणखी एक मार्ग झाला. त्यावरून स्कायलाइनर ताशी १६० किलोमीटर वेगाने धावते आणि टोकिओतील निप्पोरीहून विमानतळाची दुसरी इमारत ३६ मिनिटांत गाठते. शिंकान्सेनने जे देऊ केले होते, ते जवळजवळ साध्य झाले, असे म्हणण्यास हरकत नाही. विमानतळाच्या दारात प्रत्येकाची ओळख तपासण्याची पद्धत २०१५ मध्ये बंद झाली. तथापि प्रकरण पुरते मिटले आहे असे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये, न्यायालयाच्या आदेशावरून, विमानतळाच्या आवाराने वेढलेल्या एका शेतावरील बांधकामे पोलीस बंदोबस्तात हटविण्यात आली. दरम्यान तिसऱ्या धावपट्टीची योजना मंजूर झालेली आहे. ती पुरी होईल तेव्हा विमानतळाचे क्षेत्र सुमारे २३०० हेक्टर होईल, म्हणजे १९६५ मध्ये तोमिसातोच्या शेतकऱ्यांनी परतवून लावलेल्या मूळ आराखड्याइतके.

हिगाशी-नारिताच्या दोन फलाटांपैकी साध्या गाड्यांचा फलाट वापरात आहे. स्कायलाइनरचा फलाट १९९१ पासून बंद आहे. शिबायामाकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभे राहिले, की रुळांपलीकडे अंधुक उजेडात तो दिसतो. त्यावरील धुळकट पाटीवर स्थानकाचे नाव अजून ‘नारिता विमानतळ’ असेच आहे.